नायगारा : रेनबो पूल पायी ओलांडताना

ओवी

गेल्या महिन्यात आई-बाबांना घेऊन नायगाऱ्याचा रेनबो पूल अमेरिकेच्या बाजूने पायी ओलांडला, दिवसभर कॅनडात राहिलो आणि संध्याकाळी त्याच पुलावरून चालत परत आलो. निघण्यापूर्वी मी मराठीत पुष्कळ शोधाशोध केली होती. धबधब्याची वर्णने भरपूर सापडली. परंतु पुलाच्या फाटकातून आत शिरल्यापासून पलीकडच्या रस्त्यावर पाऊल पडेपर्यंत नेमके काय घडते, कोणता अधिकारी काय विचारतो आणि कोणता कागद कुठे लागतो, हे सलग कुठेच वाचायला मिळाले नाही. भारतातून आलेल्या आई-वडिलांना नायगारा दाखवायला नेणारी आपल्यातली कितीतरी कुटुंबे अमेरिकेच्या काठावरूनच मागे फिरतात, कारण त्यांना पुलाची धास्ती वाटते. ती धास्ती काही अंशी रास्त आहे आणि काही अंशी निव्वळ माहिती नसल्यामुळे आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कागदपत्रांविषयी, कारण बाकीचे सारे त्यावरच अवलंबून आहे. आई-बाबांकडे अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे अभ्यागत व्हिसा होता. ‘अमेरिकेचा व्हिसा असला की कॅनडात सोडतात’ असे आम्हाला निदान तिघांनी तरी खात्रीने सांगितले, आणि ते साफ चुकीचे आहे. भारतीय पासपोर्टवर जमिनीच्या वाटेने कॅनडात पर्यटक म्हणून जायचे असेल, तर कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा हवाच. त्याचे शुल्क माणशी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे व छायाचित्र यांचे ८५ डॉलर. १४ वर्षांखालील मुलांना आणि ७९ वर्षांवरील वृद्धांना ठसे द्यावे लागत नाहीत, आणि एकदा दिलेले ठसे दहा वर्षे चालतात. आम्ही हा अर्ज आई-बाबा भारतातून निघण्याच्या चार महिने आधीच केला होता. अमेरिकेत आल्यावरही तो करता येतो; मात्र मंजुरीनंतर व्हिसा चिकटवून घेण्यासाठी पासपोर्ट पाठवावा लागतो, आणि परक्या देशात आई-वडिलांनी काही दिवस पासपोर्टाविना राहणे मला तरी योग्य वाटले नाही. ज्यांचे आई-वडील अजून भारतात आहेत, त्यांनी अमेरिकेच्या तयारीबरोबरच कॅनडाचाही अर्ज करून टाकावा, एवढे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा कागद म्हणजे आय-९४. विमानतळावर उतरल्यावर ही प्रवेशाची नोंद आता संगणकावरच होते, हातात काही देत नाहीत. अमेरिकेच्या सीमा खात्याच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेऊन मी तिघांचीही छापील प्रत बरोबर ठेवली. त्यावर अमेरिकेत कोणत्या तारखेपर्यंत राहता येईल ते लिहिलेले असते. कॅनडात एक दिवस जाऊन आल्याने ती मुदत नव्याने सहा महिने मिळेल असे कोणीही गृहीत धरू नये. तीस दिवसांच्या आतल्या अशा फेरीनंतर उरलेल्या जुन्या मुदतीसाठीच परत घेतात. आई-बाबांच्या बाबतीत तसेच झाले.

आता प्रत्यक्ष पूल. अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्ट पाहणारे कोणीही नसते. विमानतळाची सवय असलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. आपण एका फाटकातून आत जातो, फाटक मागे मिटते आणि आपण पदपथावर असतो. कोणी अडवले नाही म्हणजे काही घडले नाही असा समज होतो, पण घडलेले असते. त्या फाटकानंतर अमेरिकेत परतायचे, तर तपासणी होऊनच परतावे लागते, मग तुम्ही कॅनडात पाऊल टाकलेले असो वा नसो. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ हे सर्व हातात आहे की नाही, ते फाटकाच्या अलीकडे उभे राहून पाहावे. मी तेथेच बाकावर बसून तिघांचे कागद पुन्हा एकदा मोजले.

पुलाची लांबी सुमारे ४४० मीटर आहे. सावकाश चालले तरी दहा-बारा मिनिटांची वाट. पदपथ धबधब्याच्या बाजूला आहे, ही फार चांगली सोय. कॅनडाकडे जाताना डाव्या हाताला अमेरिकन धबधबा इतका जवळ दिसतो की त्याच्या पायथ्याचे फुटलेले खडक मोजता यावेत. त्याच्यापलीकडे, नदी जिथे वळते तिथे, घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा धबधबा असतो. त्याचा वरचा काठ हिरवा दिसतो आणि खालचे सारे तुषारांत बुडालेले असते. खाली ६० मीटरांवर नावा धबधब्याकडे जाताना दिसतात. अमेरिकेच्या नावेतील माणसांना निळे रेनकोट देतात आणि कॅनडाच्या नावेतील माणसांना लाल, त्यामुळे वरून पाहताना कोणती नाव कोणत्या देशाची हे रंगावरून कळते. बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की ते बराच वेळ कठड्याला धरून दोन्ही रंगांच्या नावा मोजत उभे राहिले.

पुलाच्या मध्यावर सीमारेषेची धातूची पाटी आहे आणि जवळच झेंडे आहेत. आईने पाटीवर तळहात ठेवला. ती तुषारांनी ओली आणि गार होती. बाबांनी आपले कापडी बूट नीट जुळवून एक पाय अलीकडे आणि एक पलीकडे ठेवला, आणि छायाचित्र काढून झाल्यावरही ते थोडा वेळ तसेच उभे होते. ज्या माणसाने साठाव्या वर्षापर्यंत पासपोर्टच काढला नव्हता, तो दोन देशांत एकाच वेळी उभा होता. मोटारीतून गेलो असतो तर हे आम्हाला मिळाले नसते.

कॅनडाच्या बाजूला तपासणीसाठी एक छोटी इमारत आहे. एका कुटुंबाने एकत्रच खिडकीपाशी जायचे असते. कुठे राहता, कशासाठी आलात, किती वेळ थांबणार, दारू, तंबाखू किंवा शस्त्र बरोबर आहे का, कोणाला देण्यासाठी काही आणले आहे का, असे सरळ प्रश्न विचारले. बाबांना कमी ऐकू येते आणि ऐकू आले नाही की ते मान डोलावतात. शस्त्रांच्या प्रश्नालाही त्यांनी मान डोलावली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी लगेच सांगितले की त्यांना ऐकू कमी येते, मी भाषांतर करून सांगू का? अधिकाऱ्याने हो म्हटले आणि सर्व प्रश्न पुन्हा, सावकाश विचारले. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगून टाकावी.

परतताना पायी येणाऱ्यांना एक डॉलर पथकर आहे, तोही फक्त कॅनडातून बाहेर पडताना. आम्ही गेलो तेव्हा फिरत्या लोखंडी दारात नाणी टाकावी लागत होती, म्हणून सुटी नाणी जवळ असलेली बरी. त्यानंतर पुन्हा पूल, आणि पलीकडे अमेरिकेची तपासणी. तिथे आम्हाला रांगेत चाळीस मिनिटे लागली. खाण्याचे पदार्थ आहेत का, असे विचारल्यावर आईने पिशवीतून कॅनडात घेतलेल्या फळांतले उरलेले एक संत्रे काढून समोर ठेवले. अधिकाऱ्याने ते बाजूच्या डब्यात टाकले आणि विषय संपला. तेच संत्रे ‘काही नाही’ म्हटल्यावर पिशवीत सापडले असते, तर दंड होऊ शकला असता.

कोणाला आणखी काही माहिती असेल तर येथे अवश्य लिहावी.

दूरदेशी

फार उपयुक्त धागा. माझी अडचण थोडी निराळी आहे. मी एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. पासपोर्टातील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत गेल्या वर्षी संपली. मात्र कंपनीने मुदतवाढ घेतलेली आहे, आय-७९७ हे त्याचे मंजुरीपत्र हातात आहे आणि त्याला जोडलेले आय-९४ अजून दीड वर्ष वैध आहे. कॅनडाचा व्हिसा आम्हा तिघांकडे, म्हणजे मी, पत्नी आणि मुलीकडे आहे. पत्नी व मुलगी एच-४, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहेत आणि त्यांच्या शिक्क्यांचीही मुदत संपलेली आहे. आम्ही दिवसभरासाठी पायी जाऊन आलो, तर परत प्रवेश मिळेल का? काही जण म्हणतात बिनधास्त जा, काही जण म्हणतात अजिबात जाऊ नका, आणि दोन्ही बाजूंपैकी कोणीच कारण सांगत नाही.

सनद

दूरदेशी, कारण सांगतो. अमेरिकेच्या नियमांत व्हिसाच्या आपोआप पुनर्वैधतेची तरतूद आहे. इंग्रजीतल्या ‘ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन’ या नावाने ती शोधता येईल. कॅनडा किंवा मेक्सिको येथे तीस दिवसांपर्यंत जाऊन परत येणाऱ्याचा शिक्का संपलेला असला, तरी त्याचे आय-९४ वैध असेल आणि तो ज्या दर्जावर अमेरिकेत राहत होता त्याच दर्जावर परत येत असेल, तर तो शिक्का परतीच्या प्रवेशापुरता वैध मानला जातो. शिक्का एफ-१ चा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा असेल आणि नंतर अमेरिकेतच दर्जा बदलून एच-१बी झाला असेल, तरीही ही तरतूद लागू होते.

अटी मात्र काटेकोर आहेत. तिकडे असताना अमेरिकेच्या वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर ही सवलत त्याच क्षणी संपते. मग तो अर्ज मंजूर होऊन शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही. ‘एवीतेवी कॅनडात जातोच आहोत, तर शिक्क्याचेही काम उरकून घेऊ’ असा विचार करणारे इथेच अडकतात, आणि मी अशी दोन कुटुंबे पाहिली आहेत. एकतर सहलीसाठी जावे किंवा शिक्क्यासाठी जावे. दोन्ही एका फेरीत बसवू नये. ठरावीक काही देशांच्या नागरिकांना ही सवलत नाही, पण भारत त्या देशांत नाही.

आय-९४ कोणाच्याही हाती परत देऊ नका. तुमचे आय-९४ आय-७९७ च्या खालच्या भागाला जोडलेले आहे, तो मूळ कागदच बरोबर न्या, केवळ छायाचित्र नको. पत्नी आणि मुलीचे एच-४ चे मंजुरीपत्र वेगळे असते, तेही घ्या. नोकरीचे पत्र आणि शेवटच्या दोन पगारपावत्या ठेवल्या तर बोलणे लवकर संपते. आणखी एक गोष्ट. या तरतुदीने फक्त अमेरिकेत परत येण्याची सोय होते. कॅनडात शिरण्यासाठी कॅनडाचाच व्हिसा लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे.

गोदाकाठ

ओवी यांनी फाटकाविषयी जे लिहिले आहे, ते प्रत्येकाने दोनदा वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या घरातला प्रसंग सांगतो.

माझे काका-काकू दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर अमेरिका पाहायला आले होते. नायगाऱ्याला मोकळा वेळ मिळाला तेव्हा त्यांच्या वाटाड्याने सांगितले की, कॅनडाचा व्हिसा नसला तरी पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन छायाचित्र काढून परत येता येते, कोणी काही विचारत नाही. दोघे गेले. मध्यावर पोहोचले, छायाचित्र काढले, परत फिरले. आणि अमेरिकेच्या बाजूला पाहतात तो समोर तपासणीची खिडकी. त्यांचे पासपोर्ट बसमध्ये, वाटाड्याच्या पेटीत होते, कारण हरवू नयेत म्हणून सर्वांचे पासपोर्ट त्यानेच जमा करून ठेवले होते.

काका ७१ वर्षांचे, काकू ६८ वर्षांच्या. दोघांनाही इंग्रजी जेमतेम येते. पुढे कॅनडात जाता येत नाही, मागे अमेरिकेत येता येत नाही, आणि आपली चूक काय झाली हेही कळत नाही, अशा स्थितीत ते दोघे जवळजवळ दोन तास एका खोलीत बसून होते. अधिकारी उद्धटपणे वागले नाहीत. पाणी दिले, खुर्ची दिली. अखेर काकूंच्या फोनवरून वाटाड्याशी संपर्क झाला, पासपोर्ट आणून दिले गेले आणि नोंद तपासून त्यांना सोडण्यात आले. काकूंनी त्या दिवसाचे एकही छायाचित्र नंतर कोणाला दाखवले नाही.

मध्यापर्यंत जाऊन परत येता येते, हे वाक्य अर्धेच खरे आहे. कॅनडाचा व्हिसा नसतानाही तुम्ही पुलावर उभे राहू शकता, पण परतताना तुम्ही बाहेरून अमेरिकेत येणारे प्रवासी ठरता आणि तुमच्यावर तेच सर्व नियम लागू होतात. आणि चुकून पलीकडच्या खिडकीपर्यंत गेलात, तर कॅनडा तुम्हाला माघारी पाठवते व तशी नोंद राहते. पुढे कधी व्हिसाच्या अर्जात ‘तुम्हाला कोणत्या देशाने प्रवेश नाकारला आहे का’ असा प्रश्न आला की त्याचे उत्तर ‘हो’ असे लिहावे लागते. केवळ छायाचित्रासाठी ही जोखीम घेऊ नये. पासपोर्ट तर कोणाच्याही स्वाधीन करू नये, मग तो सहलीचा प्रमुख असला तरी.

कमानदार

मी पुलांच्या कामातला माणूस आहे, त्यामुळे कागदांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या पुलावरून तुम्ही चालता, त्याविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण ते माहीत असले की चालताना नजर कुठे टाकायची ते कळते.

याच जागेजवळ पूर्वी दुसरी एक पोलादी कमान होती. १८९८ मध्ये ती पुरी झाली आणि लोक तिला हनिमून पूल म्हणत. तिचे पाय, म्हणजे कमानीची दोन्ही टोके जिथे कड्यात टेकतात ते आधार, नदीच्या पाण्याच्या फार जवळ होते. जानेवारी १९३८ मध्ये ईरी सरोवरावर मोठे वादळ झाले आणि सरोवरातला बर्फ नदीत लोटला गेला. धबधब्यावरून खाली कोसळलेला तो बर्फ दरीत साचत साचत आधारांपर्यंत चढला आणि त्याच्या रेट्याने पोलाद वाकू लागले. पूल वाहतुकीला बंद करण्यात आला, आणि २७ जानेवारी १९३८ रोजी तो अख्खा खाली बर्फावर कोसळला. आधीच बंद केल्यामुळे कोणाचाही जीव गेला नाही.

आजचा रेनबो पूल १ नोव्हेंबर १९४१ रोजी खुला झाला. त्याची कमान सुमारे २९० मीटरची आहे आणि नदीच्या पात्रात तिचा एकही खांब नाही. पूर्वीच्या अनुभवावरून तिचे पाय पाण्यापासून बरेच वर, कड्याच्या खडकात बसवले आहेत. पुलावरून चालताना खाली वाकून पाहिलेत तर हे दिसणार नाही. पण कॅनडाच्या काठावर उतरून नदीच्या कडेच्या रस्त्याने धबधब्याकडे थोडे चाललात आणि मागे वळून पाहिलेत, तर पोलाद खडकात कुठे शिरते ते स्पष्ट दिसते. माझ्या मते त्या परिसरातले सर्वांत देखणे दृश्य तेच आहे, पण धबधब्याकडे पाठ करून मागे पाहणारे फार थोडे असतात.

या पुलावर मालवाहू ट्रकांना बंदी आहे, हेही पायी जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. जड वाहने उत्तरेकडच्या ल्यूइस्टन-क्वीन्स्टन पुलाने जातात, म्हणून रेनबो पुलाच्या पदपथावर धूर आणि हादरे दोन्ही कमी. या दोन पुलांच्या मधला व्हर्लपूल रॅपिड्स पूल फक्त नेक्सस कार्ड (आधीच पडताळणी झालेल्या प्रवाशांना मिळणारे सीमेचे कार्ड) असलेल्या मोटारींसाठी आहे. नकाशात जवळ दिसतो म्हणून तिकडे चालत जाऊ नका.

मोरपीस

ओवी, माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. अर्धा किलोमीटर चालणे त्यांना जमेल, पण रांगेत चाळीस मिनिटे उभे राहणे जमणार नाही. आम्ही भाड्याची मोटार घेऊन जावे का? शिवाय आम्ही दोघे ग्रीन कार्डधारक आहोत, आम्हाला कॅनडाचा व्हिसा लागतो का?

ओवी

मोरपीस, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असणाऱ्यांना पर्यटनासाठी कॅनडाचा व्हिसा लागत नाही. मात्र ग्रीन कार्ड आणि त्याबरोबर आपल्या देशाचा वैध पासपोर्ट, दोन्ही दाखवावे लागतात. पुष्कळांचा भारतीय पासपोर्ट कपाटात मुदत संपून पडलेला असतो आणि तो सीमेवर आठवतो. सासूबाई अभ्यागत व्हिसावर असतील तर त्यांना कॅनडाचा व्हिसा हवाच. एका कुटुंबात तिघांचे तीन नियम असू शकतात, तेव्हा प्रत्येकाचा स्वतंत्रपणे विचार करावा.

मोटारीने गेलात तर सासूबाईंना बसून राहता येईल, पण सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग पायी रांगेपेक्षा लांब असते. भाड्याची मोटार असेल तर ती कॅनडात नेण्याची परवानगी करारात आहे का आणि विमा तिकडे लागू होतो का, ते गाडी घेतानाच विचारून लेखी घ्यावे. चालत जायचे ठरवलेत तर सकाळी लवकर निघा आणि परतीची वेळ संध्याकाळच्या गर्दीत येऊ देऊ नका. आमच्या पुढे एक आजी होत्या, त्यांच्या मुलाने घडीची छोटी खुर्ची आणली होती. रांग पुढे सरकली की तो ती उचलायचा आणि पुन्हा मांडायचा. मला ते पाहून वाटले की आपणही हे करायला हवे होते.

शेवंती

आई-वडिलांसाठी अमेरिकेत येताना घेतलेला आरोग्य विमा बहुधा फक्त अमेरिकेपुरता असतो. पूल ओलांडण्यापूर्वी पॉलिसीतले ‘व्याप्तीचा प्रदेश’ हे कलम वाचा. आमच्या पॉलिसीत कॅनडा नव्हते, म्हणून एका दिवसासाठी वेगळा विमा घेतला. खर्च किरकोळ होता.

औषधांचेही तेच. दिवसभराचीच फेरी असली तरी निदान एका रात्रीच्या गोळ्या बरोबर असू द्या. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी रेनबो पुलाच्या अमेरिकन बाजूला एका मोटारीचा भीषण अपघात होऊन स्फोट झाला, तेव्हा केवळ हा पूल नव्हे, तर त्या भागातील चारही पूल बंद करण्यात आले होते. सकाळी सहज पलीकडे गेलेल्या माणसाला त्या दिवशी संध्याकाळी सहज परत येता आले नसते. असे क्वचितच घडते. पण रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या हॉटेलात राहिल्या असतील, तर एकदा घडणेही पुरेसे आहे.

लहान मुलाला आई किंवा वडील यांच्यापैकी एकच जण घेऊन जात असेल, तर दुसऱ्याचे सही केलेले संमतिपत्र न्यावे. माझे यजमान कामामुळे मागे राहिले होते आणि मी मुलाला घेऊन गेले, तेव्हा ते पत्र मागितले होते आणि मुलालाही त्याचे नाव व माझे त्याच्याशी असलेले नाते विचारले होते. मुलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ती घाबरत नाहीत. जाता जाता आणखी एक : कॅनडात गांजा कायदेशीर आहे, पण तो सीमेवरून कोणत्याही दिशेने नेणे गुन्हा आहे. बरोबर तरुण मुले असतील तर हे घरीच स्पष्ट बोलून घ्यावे.

पतंग

कमानदार यांचा प्रतिसाद वाचून याच नदीवरची एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटली, आणि शेवंती यांच्या सूचनेशी तिचा जवळचा संबंध आहे.

रेनबो पुलापासून थोडे खाली, जिथे आज व्हर्लपूल रॅपिड्स पूल आहे, तिथे १८४८ मध्ये या दरीवरचा पहिला पूल बांधायचा होता. पाण्याचा ओघ एवढा जोरदार की नावेतून दोर नेणे शक्य नव्हते. तेव्हा अभियंता चार्ल्स एलेट यांनी मुलांसाठी पतंगाची स्पर्धा लावली : जो पतंग उडवून दोरा पलीकडच्या काठावर पोहोचवील, त्याला बक्षीस. होमन वॉल्श नावाच्या किशोरवयीन मुलाने ते जिंकले. वारा अनुकूल मिळावा म्हणून तो होडीने कॅनडाच्या काठावर गेला आणि तिथून पतंग सोडला. पण दोरा बर्फाच्या कडेला घासून तुटला. मधल्या काळात नदीतल्या बर्फामुळे होडी बंद पडली आणि तो मुलगा आठ दिवस पलीकडेच अडकला. परत आल्यावर पतंग दुरुस्त करून तो पुन्हा गेला आणि त्या वेळी दोरा पार झाला. त्या बारीक दोऱ्याला जाड दोरी, दोरीला दोरखंड आणि दोरखंडाला तारा बांधत पूल उभा राहिला.

१८५५ मध्ये त्याच जागी रेल्वेचा झुलता पूल झाला. अमेरिकेतील गुलामगिरीतून पळून आलेल्या माणसांसाठी तो पूल म्हणजे सुटकेची शेवटची पायरी होती. १८५६ मध्ये, गुलामांना सोडवून नेणाऱ्या हॅरिएट टबमन यांनी ‘जो बेली’ नावाच्या पळालेल्या गुलामाला आगगाडीतून याच पुलावरून कॅनडात नेले. त्याच्या डोक्यावर बक्षीस लागलेले होते, आणि सीमा ओलांडली हे कळेपर्यंत तो खिडकीतून बाहेर पाहायलाही तयार नव्हता, असे त्या प्रवासाविषयी सांगितले जाते. अमेरिकन नायगारा फॉल्समध्ये, रेल्वे स्थानकाला लागूनच, या इतिहासाचे संग्रहालय २०१८ पासून आहे. पुलावर जाण्याआधी तासभर तिथे काढा असे मी सुचवेन. आपण पासपोर्ट दाखवून ज्या नदीच्या पलीकडे जेवायला जातो, ती नदी ओलांडण्यासाठी माणसांनी काय सोसले आहे, हे ठाऊक असावे.

दूरदेशी

सनद यांचे मनापासून आभार. काल आम्ही तिघे जाऊन आलो, म्हणून जे घडले ते नोंदवतो.

सकाळी आठच्या सुमारास फाटकातून आत गेलो. कॅनडाच्या खिडकीवर पाच मिनिटेही लागली नाहीत. दिवसभर पलीकडच्या काठाने, मोठ्या धबधब्याशेजारच्या टेबल रॉकपर्यंत चालत गेलो. पुलापासून तिथपर्यंतची वाट चांगली रुंद आहे आणि दोन्ही धबधबे सतत समोर असतात. येताना कमानदार यांनी सांगितल्याप्रमाणे थांबून पुलाकडे पाहिले. पोलाद कड्यात जिथे शिरते तिथे खडकाच्या भेगांतून झुडपे उगवलेली आहेत.

परतीला अमेरिकेच्या खिडकीवरील अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडताच शिक्क्याची मुदत संपल्याचे सांगितले. मी आय-७९७ चे तीनही मूळ कागद पुढे केले आणि आम्ही सकाळीच पायी गेलो होतो, कोणत्याही वकिलातीत अर्ज केलेला नाही, असे सांगितले. त्याने आत जाऊन वरिष्ठांना विचारले. आम्ही बाजूच्या खुर्च्यांवर बसलो होतो. सुमारे वीस मिनिटांनी तो परत आला, कुठे काम करता आणि किती वर्षे, एवढे दोन प्रश्न त्याने विचारले आणि पासपोर्ट परत दिले. आय-९४ ची तारीख आज सकाळी संकेतस्थळावर तपासली. तिघांचीही पूर्वीचीच आहे. पगारपावत्या मागितल्या नाहीत. मंजुरीपत्राची छायाप्रत मात्र चालली नसती, कारण त्याने खालचा आय-९४ चा भाग उजेडात धरून पाहिला होता.